सोलापुरातल्या आत्महत्या आणि स्वतःला केलेली इजा: आकडे दोन वर्षांनी नकोत, त्याच आठवड्यात हवेत

संचालक: विषय नाजूक आहे. कुणाची ओळख पटेल असा तपशील किंवा पद्धतींचं वर्णन इथे लिहू नये, असे प्रतिसाद काढले जातील. तुम्हाला किंवा जवळच्या कुणाला आत्ता आधार हवा असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

विजापूर_वेस (धागाकर्ता)

डेंग्यूचा संशयित पेशंट आला की त्याची नोंद लगेच पोर्टलवर जाते. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत कुणी थांबत नाही. आशाताई त्या घरी जातात, शेजारपाजारचे हौद आणि बॅरल तपासतात, फवारणी होते. एकात्मिक रोग सर्वेक्षण २००४मध्ये सुरू झालं. त्यात संशयित, डॉक्टरांनी ओळखलेला आणि लॅबने पक्का केलेला असे तीन वेगळे फॉर्म आहेत ते याचसाठी. पक्क्याची वाट बघितली तर साथ गल्ली ओलांडून पुढे गेलेली असते.

आत्महत्येच्या बाबतीत मात्र आपण फक्त पक्क्याचीच वाट बघतो. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा, शवविच्छेदन, व्हिसेरा राखून ठेवणं, मग कधीतरी अहवाल. या सगळ्याची बेरीज एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरो) वार्षिक अहवालात येते. २०२२चा अहवाल डिसेंबर २०२३मध्ये आला, २०२३चा आला २०२५मध्ये. २०२२मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. आणि सोलापुरात? त्या अहवालात शहरवार तक्ते दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या ५३ शहरांचे असतात. २०११च्या जनगणनेत सोलापूर शहर ९,५१,५५८ होतं. थोडक्यात हुकलं. त्यामुळे आपलं शहर राज्याच्या बेरजेत विरघळून जातं.

हे झालं मृत्यूंचं. स्वतःला इजा करून घेऊन जी माणसं दवाखान्यात येतात आणि वाचतात, त्यांची तर सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मोजणीच नाही. मृत्यूंपेक्षा ती संख्या कितीतरी पट मोठी असते, आणि पुढचा धोका कुणाला आहे हे सांगणारी सगळ्यात ठळक खूण म्हणजे आधीचा प्रयत्न. समजा बारावीच्या निकालानंतरच्या पंधरवड्यात शहराच्या एकाच भागातली चार-पाच मुलं अशी दवाखान्यांत आली. प्रत्येक दवाखान्याला एक किंवा दोन दिसतील. एकत्र ती कुणाच्याच टेबलावर दिसणार नाहीत.

केंद्राचं राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण नोव्हेंबर २०२२मध्ये आलं. त्यात २०३०पर्यंत मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचे असं लिहिलंय, आणि परिणामकारक सर्वेक्षण व्यवस्था तीन वर्षांत उभी करायची असंही लिहिलंय. ती मुदत संपली. जागतिक आरोग्य संघटनेने तर प्रयत्नांची नोंद कशी ठेवायची याची मार्गदर्शिका २०१६मध्येच काढली आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: सोलापूर जिल्ह्यात 'संशयित आत्महत्या' आणि 'स्वतःला इजा' यांची नोंद आरोग्य खात्याने ठेवावी, आठवड्याला बघावी, नावाशिवाय बघावी, आणि वाचलेल्या माणसाला त्याच आठवड्यात फोन जावा. साथरोगांच्या साप्ताहिक अहवालांचं काम मी बरीच वर्षं केलं आहे, त्यामुळे हे आपल्या ताकदीबाहेरचं नाही हे खात्रीने सांगतो. इथले लोक कुठे कुठे काम करतात ते मला माहीत आहे. अडचणी सांगा.

रात्रपाळी

मी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. कुठल्या दवाखान्यात ते लिहीत नाही.

नोंद होत नाही असं नाही सर. एमएलसी (मेडिको-लीगल केसची नोंद) होते, चौकीला कळवलं जातं, रजिस्टरमध्ये ओळ लिहिली जाते. पण ती ओळ पोलिसांसाठी असते. त्यातून आरोग्याला काय कळावं असा विचार करून तो रकाना कुणी आखलेलाच नाही. "हिस्ट्री ऑफ" च्या पुढे नातेवाईक जे सांगतील ते.

आणि नातेवाईक काय सांगतात? "अपघात लिहा सिस्टर, पोरीचं लग्न ठरायचंय." आई माझा हात धरते. मागे काका-मामा उभे. त्या पेशंटला एकटीला विचारायला मला दहा मिनिटं मिळाली तर ती खरं सांगते, पण पडदा ओढायलासुद्धा जागा नसते कधीकधी. लोकांना अजून वाटतं की गुन्हा दाखल होईल, अटक होईल.

दुसरं म्हणजे डामा, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जाणं. तब्येत जरा सावरली की सकाळी सही करून घेऊन जातात. मानसोपचारच्या डॉक्टरांना कॉल लिहिलेला असतो, ते येईपर्यंत बेड रिकामा. त्या पेशंटचं पुढे काय झालं हे मला कधीच कळत नाही. काही चेहरे परत येतात. त्याचं फार वाईट वाटतं.

विजापूर_वेस

सिस्टर, गुन्ह्याच्या भीतीबद्दल सगळ्यांसाठी लिहितो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम ११५. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरून चालायचं, तिच्यावर खटला भरायचा नाही, शिक्षा करायची नाही. त्याच कलमाचा दुसरा भाग कमी लोकांना माहीत असतो: अशा व्यक्तीला उपचार आणि पुनर्वसन देणं आणि पुन्हा तसं घडण्याचा धोका कमी करणं ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात प्रयत्नाला गुन्हा मानणारं जुन्या दंडसंहितेचं ३०९ कलम राहिलेलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६खाली येतो. हे दोन ओळींत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावलं तर "अपघात लिहा" म्हणणारे निम्मे हात तरी सुटतील असं मला वाटतं.

आणि डामाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेचा एक अभ्यास आहे, २००८मध्ये प्रसिद्ध झाला. पाच देशांतल्या पाच ठिकाणी, त्यात आपलं चेन्नईही होतं, प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेल्या १,८६७ लोकांवर. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला त्यासोबत घरी सोडण्यापूर्वी साधारण तासभर एकट्याशी बोलणं आणि पुढच्या १८ महिन्यांत ९ वेळा फोन किंवा भेट. १८ महिन्यांनी आत्महत्येने झालेले मृत्यू पहिल्या गटात २.२ टक्के, दुसऱ्यात ०.२ टक्के. महागडं यंत्र नाही, नवीन औषध नाही. कुणीतरी आठवणीने विचारलं, "कसं चाललंय?" पण हा फोन करायचा तर कुणाला करायचा याची यादी लागते. नोंद हवी ती त्यासाठी.

प्राजक्त_जुळेसोलापूर

तुमचा हेतू चांगला आहे, पण मला याची धास्ती वाटते. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आपल्याकडे कोविडमध्ये पॉझिटिव्ह लोकांच्या नावानिशी याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्या, हे सगळ्यांनी बघितलंय. आता "अमक्या पेठेत, वय १९, मुलगी" एवढं जरी बाहेर आलं तरी सगळ्या पेठेला कळेल कोण ती. तिचं शिक्षण, लग्न, नोकरी, सगळ्याला ते चिकटेल. त्याच कायद्यात कलम २३ गोपनीयतेचं आहे, ते विसरू नका.

दुसरी शंका गणिताची. एका शहरात आठवड्याला आकडे लहान असतात. या आठवड्यात दोन जास्त दिसले म्हणजे लाट आली का? लहान आकडे आपोआप वर-खाली होतात. उद्या कुणीतरी पत्रकार "सोलापुरात आत्महत्या दुप्पट" अशी हेडलाइन करेल आणि ती वाचून खरंच नुकसान होईल.

जुना_बातमीदार

प्राजक्तची दुसरी भीती रास्त आहे, मी त्या धंद्यात आयुष्य काढलं. पहिल्या पानावर फोटो, चिठ्ठीतला मजकूर, घराचा पत्ता, सगळं छापलेलं मी पाहिलं आहे. व्हिएन्नाचं उदाहरण आम्हाला फार उशिरा कुणीतरी सांगितलं. तिथल्या भुयारी रेल्वेत ऐंशीच्या दशकात आत्महत्या वाढल्या होत्या, वर्तमानपत्रं भडक छापत होती. १९८७मध्ये तिथल्या पत्रकारांसाठी मार्गदर्शक सूचना आल्या, छापणं बदललं आणि संख्या ठळकपणे खाली आली. आपल्या प्रेस कौन्सिलनेही २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर सूचना स्वीकारल्या: ठळक जागा नको, पद्धत नको, जागा नको, फोटो नको, मदतीचा नंबर द्या.

पण बातमीदाराला आकडे मिळू नयेत हा उपाय नव्हे. आकडे नसले की बातमीदार एका घटनेवरून "सत्र सुरूच" असं लिहितो. साप्ताहिक आकडा आरोग्य खात्यातच राहू द्या. तिमाहीला एकदा, समजावून सांगणाऱ्या डॉक्टरसकट, पत्रकारांसमोर ठेवा. आणि ज्या आठवड्यात खात्याला खरंच काही वेगळं दिसेल, त्या आठवड्यात संपादकांना फोन करून सांगा की या विषयावर जपून लिहा. असा फोन मला माझ्या काळात कधी आला नाही. आला असता तर मी ऐकलं असतं.

विजापूर_वेस

प्राजक्त, दोन्ही मुद्दे मान्य. उत्तर असं की दोन वेगळ्या वह्या हव्यात. फोन करणाऱ्या समुपदेशकाकडे नाव आणि नंबर, तोही पेशंटने हो म्हटलं तरच. जिल्ह्याच्या टेबलावर मात्र फक्त वयोगट, लिंग, भाग आणि आठवडा, आणि पाचपेक्षा कमी आकडा कुठल्याच बाहेर जाणाऱ्या कागदावर छापायचा नाही. आयर्लंडमध्ये २००० साली स्वतःला इजेची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, हळूहळू देशभरातल्या सगळ्या आपत्कालीन विभागांपर्यंत पोहोचली. प्रशिक्षित माणसं ठरलेल्या एकाच व्याख्येने नोंदी घेतात. इतक्या वर्षांत त्यावर लोकांचा विश्वास टिकून आहे.

लहान आकड्यांचं म्हणाल तर एका आठवड्यावरून निष्कर्ष काढायचाच नाही. मागच्या काही वर्षांच्या त्याच काळाशी ताडून बघायचं, आणि सलग काही आठवडे रेषा वर राहिली तर कुणीतरी त्या भागात जाऊन विचारायचं. जपानमध्ये पोलीस दर महिन्याला तात्पुरते आकडे जाहीर करतात. २०२०च्या जुलैपासून तिथे आत्महत्या वाढू लागल्या, विशेषतः बायकांमध्ये, आणि हे त्याच वर्षी कळलं. आपल्याकडे तो काळ कसा गेला ते वार्षिक अहवाल आल्यावर कळलं.

इंग्लंडने नोव्हेंबर २०२३पासून पोलिसांच्या माहितीवरून 'संशयित' आत्महत्यांचे आकडे जवळपास ताबडतोब द्यायला सुरुवात केली. तिथेही कोर्टाचा निकाल यायला कित्येक महिने लागतात. निकाल बदलला तर आकडा दुरुस्त करतात.

घरकुल_अक्का

मी विडी घरकुलात राहते, विडी कामगार बायकांत काम करते. सगळ्यांचं वाचलं. माझं म्हणणं वेगळं आहे.

कारण काय लिहिता ते आधी सांगा. 'घरगुती वाद' लिहिलं की झालं काम? विजापूर वेसवाल्या दादांनी अहवालाचं सांगितलं, त्याच अहवालात २०२२ला ३१.७ टक्के 'कौटुंबिक समस्या' आणि १८.४ टक्के आजारपण असं आहे. कौटुंबिक म्हणजे काय ओ? बाई दिवसभर पानं कापते, विड्या वळते, कारखान्यात माल दिला की छाट म्हणून काही विड्या बाजूला काढतात. नवऱ्याचा यंत्रमाग बंद. तीन-तीन फायनान्सचे हप्ते. आठवड्याचा हप्त्याचा दिवस ठरलेला असतो, गटातल्या बाकीच्या बायका दारात येऊन बसतात, कारण एकीने नाही भरलं तर त्यांना भरायला लागतं. मग घरात भांडण होतं. पोलीस लिहितात घरगुती वाद. कर्ज कुठेच आलं नाही कागदावर.

आमच्या बायका सांगायलेत, हप्त्याच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. तुम्ही आठवडा मोजणार म्हणता, तर वारसुद्धा लिहा. कोणत्या वारी जास्त होतं ते बघा. मग त्या फायनान्सवाल्यांना बोलावून विचारता येईल.

आणि आमच्यात सगळे सिव्हिलला जात नाहीत. जवळच्या खासगीत नेतात, तिथे पैसे भरतात, वर आणखी कर्ज. खासगीवाले धरणार नसाल तर आमच्या बायका तुमच्या मोजणीत येणारच नाहीत. विचारणारी तेलुगू बोलणारी पाहिजे. मराठीत बाई "काही नाही" म्हणते, तेलुगूत बोललं की रडते.

रात्रपाळी

अक्का, वाराचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. रजिस्टरमध्ये तारीख असतेच, त्यावरून वार निघेल, वेगळा त्रास नाही.

भीमाकाठचा

मंगळवेढा तालुक्यातून लिहितोय. शेतकऱ्याचं वेगळंच आहे. आमच्याकडे मोजतात, पण मदतीसाठी मोजतात. एक लाखाची मदत द्यायची की नाही यासाठी तहसीलदार, कृषी, पोलीस सगळे येतात, सातबारा बघतात, कर्ज बघतात, मग पात्र का अपात्र ते ठरतं. नावावर जमीन नसलेली बाई, वाट्याने करणारा, सालगडी यांचं प्रकरण तिथेच मिटतं. २०२१च्या अहवालात रोजंदारीवाले ४२,००४ आहेत देशात, एकूण १,६४,०३३पैकी. त्यातले किती जण कधीकाळी शेतकरीच होते? आणि मेल्यावर मोजलं तर त्या घराला पैसा मिळेल, माणूस नाही मिळणार. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी 'प्रेरणा प्रकल्प' झाला. आम्ही पश्चिम महाराष्ट्रात, उसाचा जिल्हा म्हणून ओळख. माण नदीकाठचा दुष्काळ कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

एक मात्र सांगतो. श्रीलंकेचं वाचलंय. तिथे रुग्णालयांच्या नोंदी चांगल्या होत्या, त्यावरून जास्त धोक्याची शेतीऔषधं कोणती ते कळत गेलं, टप्प्याटप्प्याने बंदी आली, आणि १९९५नंतरच्या वीस वर्षांत आत्महत्येचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. पीक कमी आलं नाही. नोंदीतून असं काही करता येत असेल तर आमच्या गावची पहिली सही माझी. तोवर औषधं घराबाहेर कुलपात ठेवायची सवय तरी गावोगावी लावू या.

सम्राट_चौक

हा धागा परवापासून वाचतोय, लिहू की नको होत होतं.

माझा धाकटा भाऊ गेला. काही वर्षं झाली. त्या दिवशी पोलीस आले, त्यांचं काम त्यांनी नीट केलं, तक्रार नाही. नंतर आले ते बातमीवाले आणि लांबचे नातेवाईक. मग कुणीच नाही. आईने जेवण सोडलं होतं. मी स्वतः कोणत्या अवस्थेत होतो ते इथे लिहिणार नाही. आमच्याकडे कुणीतरी पाठवायला पाहिजे होतं हे कुणाच्या यादीत नव्हतंच.

धागाकर्त्यांनी वाचलेल्यांना फोन करायचं म्हटलंय. मागे राहिलेल्यांनाही करा. तेराव्याच्या आत करा, कारण तेराव्यानंतर घर एकदम रिकामं होतं.

विजापूर_वेस

सम्राट चौक, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं मी पहिल्या मसुद्यातच घ्यायला हवं असं धरून चालतो. इंग्लंडमध्ये ताबडतोब नोंदीचा एक मोठा उपयोग हाच करतात: मृत्यू झाला की काही दिवसांत कुटुंबाशी, गरज पडली तर शाळेशी, संपर्क. तुम्ही आणि आई आज कसे आहात? वाटलं तर मला खासगीत लिहा, कधीही.

बाकीच्यांसाठी, आतापर्यंतच्या चर्चेतून अर्जात काय घालतोय ते सांगतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना देणार आहे. सिव्हिल, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं आणि खासगी दवाखाने, सगळीकडे एकच छोटा फॉर्म. एमएलसीचा कागद आहे तसाच राहील, हा वेगळा, पोलिसांकडे न जाणारा. वय, लिंग, राहण्याचा भाग, तारीख-वार, आधी असं झालं होतं का, आणि ताणाची कारणं एकापेक्षा जास्त निवडता येतील अशी, त्यात कर्ज आणि हप्ता स्वतंत्र. फोनसाठी संमतीची सही वेगळी. मृत्यूंसाठी पोलिसांकडून दर आठवड्याला फक्त संख्या, आणि कुटुंबाची तयारी असेल तर समुपदेशकाला निरोप. शहर आयुक्तालय आणि ग्रामीण अधीक्षक कार्यालय ही दोन वेगळी घरं आहेत, दोघांकडून वेगवेगळं मागावं लागेल. काही राहिलं का?

रात्रपाळी

फॉर्म मध्यरात्री दोन वाजता भरायचा आहे हे लक्षात ठेवा. एका पानाच्या वर गेला तर आम्ही भरणार नाही, आणि भरला तरी खोटा भरू. शिवाय फोन करणारं माणूस आधी नेमा, मग फॉर्म छापा. पेशंटला "तुम्हाला फोन येईल" असं मी सांगायचं आणि फोनच आला नाही, हे मला जमणार नाही.

प्राजक्त_जुळेसोलापूर

दोन वह्या वेगळ्या ठेवणार असाल तर माझा विरोध नाही. एक्सेल मेलवर फिरवू नका एवढं बघा. नोंदीचं छोटं सॉफ्टवेअर मी फुकट करून देतो, आधी सिस्टरांसोबत बसून.

रेकॉर्डरूम_निवृत्त

मी दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात नोकरी केली. एक दुरुस्ती करा. 'राहण्याचा भाग' एवढंच लिहिलंत तर कारकून पेशंटने सांगितलेला पत्ता लिहील, आणि तो बऱ्याचदा सोलापुरातल्या पाहुण्यांचा असतो. सिव्हिलला अक्कलकोट-बार्शीसोबत धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीचेही पेशंट येतात. त्यामुळे 'कायमचा जिल्हा व तालुका' आणि 'घटना घडली ते ठिकाण' असे दोन रकाने करा, उत्तर आणि दक्षिण सोलापूर वेगळे छापा, आणि तळाशी 'दुसऱ्या दवाखान्यातून पाठवले: होय / नाही' ठेवा, म्हणजे एकच माणूस बार्शीत आणि सोलापुरात दोनदा मोजला जाणार नाही. जुन्या एमएलसी वह्यांवरून मागच्या दोन-तीन वर्षांची तुलना काढायची असेल तर परवानगी घ्या, बसून काढून द्यायला मी येतो.